‘प्रे ॲज यू गो’: विरार लोकलमधली बारा मिनिटं आणि घरची वही

देवाशी बोलायला आपल्याला लहानपणीच शिकवतात. त्याचं ऐकायचं कसं, हे सहसा कुणी शिकवत नाही. चर्चमधली मिस्सा होते, जपमाळेची रोझरी होते, मागण्या सांगून होतात, आणि तो मार्ग दाखवत नाही ही कुरकुर तशीच राहते. ‘प्रे ॲज यू गो’ हे मोबाइल ॲप ऐकण्याची सवय लावण्यासाठी आहे. ब्रिटनमधल्या येशूसंघीयांनी (जेझुइट या कॅथलिक संघाच्या सभासदांनी) २००६ साली ही सेवा सुरू केली. ऐकायला पैसे पडत नाहीत, देणगी ऐच्छिक. वसई-विरारहून रोज मुंबईत कामाला येणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसाला त्याचा कितपत उपयोग आहे, याचा हा आढावा.

आत काय आहे ते आधी. सोमवार ते शुक्रवार रोज एक आणि शनिवार-रविवार मिळून एक, असं ध्वनिमुद्रण येतं. लांबी दहा ते तेरा मिनिटं. सुरुवातीला तारीख-वार आणि संगीत, मग बायबलमधला एक उतारा, त्यावर दोन-तीन प्रश्न, पुन्हा तोच उतारा, थोडी शांतता आणि शेवटी त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचा) गौरव. प्रवचन नाही, हेच त्याचं बळ. उताऱ्याचा अर्थ कुणी सांगत बसत नाही. तुमचं लक्ष कुठल्या शब्दापाशी अडलं एवढंच विचारतात आणि गप्प बसतात. दुसऱ्यांदा उतारा ऐकताना मघाशी निसटलेलं एखादं वाक्य कानात राहतं. तेच त्या दिवसाचं धरायचं. बाकीचं सोडून दिलं तरी चालतं.

आता लोकल. वसई रोडला गाडीत चढल्या चढल्या सुरू केलंत, तर नायगाव सुटल्यावर खाडीचे पूल नेमके उताऱ्याच्या किंवा प्रश्नांच्या वेळी येतात. पुलावरच्या खडखडाटात ते हळू आवाजातलं बोलणं बुडून जातं. म्हणून भाईंदर सुटल्यावर लावावं, साधारण बोरिवलीच्या आसपास संपतं. बोरिवलीला चढणारे तोच मुहूर्त शांततेचा मानतीलच असं नाही, पण तोवर तुमचं काम झालेलं असतं. ध्वनिमुद्रण आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. रेंज मधेच गेली आणि गोल चक्र फिरू लागलं की प्रार्थना संपते आणि मोबाइलशी झटापट सुरू होते.

इयरफोन एकाच कानात घाला. दुसरा कान गाडीच्या घोषणेसाठी मोकळा हवा. दारात लटकताना, प्लॅटफॉर्मवर किंवा पुलावरून चालताना तर दोन्ही कान मोकळे. देवाचा आवाज ऐकण्याच्या नादात गाडीचा भोंगा ऐकू येऊ नये, यात भक्ती नाही.

नव्या माणसाची पहिली अडचण मधल्या शांततेची. प्रश्नानंतर आवाज थांबतो, मागे संगीत असलं तर असतं, आणि डब्याच्या गोंगाटात वाटतं की ॲप बंद पडलं. लोक खिशातून मोबाइल काढतात, स्क्रीन चालू करतात, तेवढ्यात व्हॉट्सॲपचे चार संदेश दिसतात आणि खेळ खलास. उपाय साधा आहे. सुरू करताच मोबाइल खिशात किंवा पर्समध्ये टाका आणि पुन्हा आवाज येईपर्यंत काढू नका. ती शांतता हाच ॲपचा मुख्य भाग, बोलणं तिच्यापर्यंत पोचवण्यापुरतं.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती मोठी आहे. सगळं इंग्रजीत, तेही ब्रिटिश उच्चारांचं. स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच, पोलिश भाषांत याच धर्तीच्या सेवा आहेत, पण या ॲपमध्ये मराठी नाही. मराठी माध्यमात शिकलेल्याला उतारा समजेल, पण समजणं आणि काळजाला भिडणं यात अंतर पडतं. यावर चालणारी युक्ती अशी: आदल्या रात्री मिस्सेच्या रोजच्या वाचनांच्या यादीतून दुसऱ्या दिवसाचा उतारा काढा आणि मराठी बायबलमध्ये एकदा मोठ्यानं वाचा. ॲपमधला उतारा बहुधा त्याच वाचनांपैकी असतो. सकाळी इंग्रजीत ऐकताना मराठी शब्दच वर येतात. प्रश्न इंग्रजीत आला तरी उत्तर मात्र मनात ज्या भाषेत रडू-हसू येतं त्या भाषेत द्यावं. घरात कादोडी ही वसईकडची बोली बोलत असाल तर कादोडीत द्या. देवापुढे प्रमाण मराठीची सक्ती नाही.

ब्रिटनचं आणि आपलं उपासना-कॅलेंडर काही ठिकाणी वेगळं आहे, हेही ध्यानात ठेवा. प्रभूच्या स्वर्गारोहणाचा सण आपल्याकडे रविवारी येतो, इंग्लंडमध्ये गुरुवारी. त्या आठवड्यात कानातलं वाचन आपल्या पॅरिशमधल्या (स्थानिक चर्चमधल्या) वाचनाशी जुळलं नाही तर गोंधळून जाऊ नये.

याहून घातक चूक म्हणजे ॲपचा कौल लावणं. मनात घर बुक करायचं चाललंय आणि सकाळी उतारा आला ‘खडकावर बांधलेल्या घराचा’. झालं, देवानं होकार दिला! रोजची वाचनं आधीच ठरलेली असतात. सणांचे विशेष काळ सोडून उरलेल्या ‘सामान्य काळात’ आठवड्याच्या दिवसांचं शुभवर्तमान (येशूच्या चरित्राचा उतारा) दरवर्षी त्याच क्रमानं येतं, पहिलं वाचन दोन वर्षांच्या चक्रानं फिरतं. त्या दिवशी तोच उतारा जगभर वाचला जातो, आणि तुमच्या बिल्डरचा त्याच्याशी संबंध नाही. उतारा उत्तर देत नसतो. तुमच्या आत काय हललं ते तो दाखवतो: घराचं नाव निघताच आनंद झाला, भीती वाटली, की शेजाऱ्याचं घर आठवून पोटात दुखलं. पाहायचं ते हे.

ही पाहण्याची पद्धत ज्याच्याकडून आली तो स्पेनचा सरदार होता. १५२१च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला आणि पुढे येशूसंघ स्थापन करणारा इग्नेशियस लोयोला घरी अंथरुणाला खिळला. वेळ घालवायला तो दोन प्रकारची स्वप्नं रंगवत असे. एक दरबारातल्या पराक्रमाचं, दुसरं संतांसारखं जगण्याचं. दोन्ही रंगवताना मजाच यायची. फरक नंतर पडायचा: पहिल्यानंतर मन कोरडं, दुसऱ्यानंतर बराच वेळ प्रसन्न. विचार गोड लागला की कडू यापेक्षा तो ओसरल्यावर मागे काय राहिलं, ही ती खूण. आणि मागे काय राहिलं हे सकाळच्या बारा मिनिटांत कळणं शक्यच नाही. ते रात्री कळतं.

म्हणून आमचं मत असं की सकाळचा भाग अर्धाच आहे. उरलेला अर्धा म्हणजे दिवसाचं परीक्षण. ॲपमध्ये त्याचंही ध्वनिमुद्रण आहे आणि पहिला आठवडाभर ते जरूर वापरा, क्रम अंगवळणी पडतो: मिळालेल्याबद्दल आभार, नीट पाहता यावं म्हणून प्रकाशाची मागणी, उठल्यापासून आतापर्यंतचा दिवस तासातासानं डोळ्यांपुढून नेणं, चुकलं तिथे क्षमा, आणि उद्यासाठी एक संकल्प. पुढे ॲप बाजूला ठेवा आणि साधी दोनशे पानी वही घ्या. ऐकून ऐकून परीक्षण गुळगुळीत होतं. रोज तेच वाक्य कानावर पडतं आणि आपण रोज तेच मोघम उत्तर देतो.

वहीत निबंध लिहायचा नाही. तारीख, आणि तिच्याखाली दोन ओळी. पहिली ओळ: आज कशानं जीव मोकळा झाला, देवाकडे आणि माणसांकडे ओढला गेला. दुसरी: कशानं आत मिटून गेलो, कडवट झालो. ‘दिवस बरा गेला’ असं लिहाल तर ते पान वाया गेलं. ‘साडेअकराची मीटिंग, साहेबांनी दुसऱ्याचं नाव घेतलं, तासभर धुमसत होतो’ असं हवं. परतीच्या गर्दीत हात वर करायलाही जागा नसते, तेव्हा गाडीत फक्त आठवायचं, आणि वसईला उतरल्यावर प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसून लिहायचं. शेअर रिक्षाच्या रांगेतही जमतं. घरी गेल्यावर लिहू म्हणाल तर भाजी, मुलांचा अभ्यास आणि टीव्ही यांत ते राहून जातं. तीन-चार आठवड्यांनी सगळी पानं एका बैठकीत वाचा. एका दिवसात न दिसणारी गोष्ट वीस पानांत ठळक होते. तेच नाव, तीच वेळ, तोच कोरडेपणा पुन्हा पुन्हा वर येतो.

एखादी ठरावीक खोड मोडायची असेल तर इग्नेशियसचाच जुना ठिपक्यांचा हिशेब याच वहीत मांडता येतो. आठवड्याच्या सात दिवसांसाठी ओळींच्या सात जोड्या आखायच्या. सकाळी उठताना संकल्प. दुपारच्या जेवणानंतर मोजायचं, तोवर जितक्यांदा घसरलो तितके ठिपके वरच्या ओळीवर. रात्रीच्या जेवणानंतरचे खालच्या ओळीवर. मग वरची ओळ खालचीशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा गेल्या आठवड्याशी ताडायचा. किराणावाल्याच्या उधारीच्या वहीसारखंच आहे. एका वेळी एकच खोड धरा. तीन धरल्यात तर चौथ्या दिवशी वही कपाटात जाईल.

ॲपला गुण द्यायचे तर सकाळच्या चिंतनासाठी पाचपैकी साडेचार, रात्रीच्या परीक्षणासाठी तीन, आणि निर्णय घेण्यासाठी एक. तो एकही उदार मनानं.

निर्णयाचं वेगळं सांगायला हवं, कारण ‘देवाची इच्छा काय’ हा प्रश्न बहुतेकांना तिथेच पडतो. इग्नेशियसची पहिली अट अशी की निवड दोन बऱ्या गोष्टींमधली असावी. खोट्या बिलावर सही करावी की नाही, यासाठी प्रार्थनेत विवेक करत बसायचं कारण नाही. ती करायची नाही. लग्नासारखा कायमचा शब्द एकदा दिला असेल तर तोही पुन्हा निवडीला काढायचा नसतो. उरतात ते खरे पेच. समजा ऐरोलीच्या कंपनीत जास्त पगाराची रात्रपाळी मिळतेय आणि इथली नोकरी कमी पगाराची, पण संध्याकाळी घरी पोचवणारी. कागदावर चार रकाने पाडा: घेण्याचे फायदे, घेण्याचे तोटे, न घेण्याचे फायदे, न घेण्याचे तोटे. दोन रकान्यांवर भागवू नका, शेवटच्या दोन्हींत निराळ्या गोष्टी सापडतात. मग कल्पना करा की अगदी अनोळखी माणूस हाच पेच घेऊन तुमच्याकडे आलाय. त्याला काय सांगाल? मरणाच्या वेळी मागे वळून पाहताना कुठली निवड केलेली बरी वाटेल? ज्या बाजूला कल झुकेल ती देवापुढे ठेवा आणि लगेच होकार कळवू नका. चार-पाच दिवस वहीत पाहा, तो निर्णय मनात बाळगून वावरताना काय होतंय.

इथे लोक दोन ठिकाणी फसतात. कोरडेपणात, निराशेत घेतलेला निर्णय ही पहिली जागा. इग्नेशियसचा नियम स्पष्ट आहे: मन उदास असताना आधी ठरवलेलं बदलू नये, उलट प्रार्थना थोडी वाढवावी. अंधेरीपासून एका पायावर उभं राहून आलेल्या माणसाला रात्री नऊला नोकरी सोडावीशी वाटते. तो पवित्र आत्मा असेलच असं नाही, भूकही असू शकते. जेवून झोपावं, सकाळी पुन्हा पाहावं. दुसरी जागा उलट टोकाची आणि जास्त चकवणारी. प्रार्थनेत खरोखरच मोठा आनंद येतो आणि त्याच्या भरात माणूस पुढचे बेत आखू लागतो. आनंद देवाचा असेल, पण मागून आलेल्या बेतांत आपली हौसही मिसळलेली असते. ते बेत स्वतंत्रपणे तपासायला हवेत. रिट्रीट (प्रार्थनेचं शिबिर) संपवून घरी परतताना गाडीतच केलेले संकल्प या कारणानं महिनाभरात विरतात.

या तपासणीला दुसरा माणूस लागतो, आणि तो कुठलंही ॲप पुरवू शकत नाही. जे कुणालाच सांगू नये असं वाटतं, तेच सांगावं, हाही इग्नेशियसचाच सल्ला. लपवालपवी हे वाईट प्रेरणेचं हत्यार आहे असं तो म्हणतो. मुंबईत येशूसंघीयांचं काम जुनं आहे, धोबीतलावचं सेंट झेवियर्स कॉलेज त्यांनी १८६९ साली सुरू केलं, त्यामुळे या पद्धतीची माहिती असलेली माणसं शहरात सापडतात. पॅरिशच्या फादरांकडे किंवा एखाद्या सिस्टरकडे चौकशी करा. महिन्यातून एकदा पाऊण तास पुरतो, आणि वही बरोबर न्यायची. पुढची पायरी हवी असेल तर इग्नेशियसनं आखलेली पूर्ण प्रार्थना-साधना साधारण तीस दिवसांची आहे. नोकरीधंद्यात अडकलेल्यांसाठी इग्नेशियसनं रोज दीड तासाची सोय करून ठेवली आहे. विरार ते चर्चगेटचा हिशेब त्याला कुणी सांगितला होता कोण जाणे.

मार्गदर्शक पारखायची खूण त्याच्याच टिपणांत आहे. साधना देणाऱ्यानं तागडीच्या काट्यासारखं मधोमध राहावं, एका बाजूला ढकलू नये, निर्मात्याला आणि त्याच्या लेकराला आपसात बोलू द्यावं. तेव्हा पहिल्याच भेटीत कुणी ‘देवानं मला सांगितलंय, तू ऐरोलीला जा’ असं म्हणालं, तर वही मिटायची, चहा घ्यायचा आणि दुसरा मार्गदर्शक शोधायचा.