प्रोटीन डेटा बँक: बॅक्टेरियाची हत्यारं जवळून बघायची असतील तर

बॅक्टेरिया शेजारच्या बॅक्टेरियाला विष टोचून मारतात हे वाचून नुसतं सोडून देऊ नका, ते हत्यार स्वतः फिरवून बघा. प्रोटीन डेटा बँक ही वेबसाइट पूर्ण फुकट, लॉगिनची भानगड नाही, १९७१ पासून जगभरातले संशोधक प्रोटीनची स्ट्रक्चर इथे जमा करतायत आणि टाइप सिक्स सिक्रीशन सिस्टिम (म्हणजे विष टोचायची हीच यंत्रणा) डोक्यात बसायला मला तरी याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

सर्चमध्ये १वाय१२ टाका (इंग्रजीत, 1Y12). हे स्यूडोमोनास एरुजिनोसा या बॅक्टेरियाचं एचसीपी१ नावाचं प्रोटीन. सहा प्रोटीन मिळून एक रिंग, मधलं भोक साधारण ४ नॅनोमीटर, थ्रीडी व्ह्यू उघडून रिंग समोरून धरली की माल कुठून जाणार हे कोणी सांगावंच लागत नाही. अशा रिंगा एकावर एक रचल्या की नळी, नळीच्या टोकाला व्हीजीआरजी प्रोटीनचं तिपेडी टोक, त्याच्यावर पीएएआर प्रोटीनचं आणखी बारीक टोक, आणि सगळ्याभोवती आवरण. ते आवरण ५ मिलिसेकंदांच्या आत आकसून जवळपास अर्धं होतं आणि आतली नळी सटकन शेजाऱ्याच्या पेशीत घुसते. टॉक्सिन काही नळीच्या आत बसून जातात (टीएसई२ असंच जातं), काही टोकाला चिकटून.

पण मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे टीएसई१ आणि टीएसआय१ ची जोडी. टीएसई१ शेजाऱ्याच्या पेशीभित्तिकेतलं पेप्टिडोग्लायकन (भिंतीला मजबुती देणारं जाळं) कापतं, मग स्वतःच्याच जातभाईंनी टोचलं तर काय, म्हणून टीएसआय१ हे संरक्षक प्रोटीन जवळ ठेवलेलं असतं. दोघांचं एकत्र स्ट्रक्चर उघडा, टीएसई१ मधलं सिस्टीन ३० आणि हिस्टिडीन ९१ (साखळीतली ३० व्या आणि ९१ व्या जागेवरची अमिनो आम्लं) शोधून झूम करा, कापायचं काम तिथेच होतं आणि टीएसआय१ चा एक भाग नेमका त्याच खाचेत घुसून बसलाय. पाठ्यपुस्तकात "इम्युनिटी प्रोटीन टॉक्सिनला निष्क्रिय करतं" एवढीच ओळ असते, इथे कसं करतं ते दिसतं, मी कितीतरी वेळ ते नुसतं फिरवत बसलो होतो.

आता मर्यादा. इथे सगळं स्थिर आहे, हल्ला होताना दिसणार नाही. त्यासाठी २०१२ साली व्हिब्रिओ कॉलरीमध्ये (कॉलऱ्याचा बॅक्टेरिया) चमकणारं आवरण लावून घेतलेले मायक्रोस्कोपचे व्हिडिओ बघाच, आवरण लांब होतं, आकसतं आणि मग क्लिपव्ही नावाचं प्रोटीन ते सुटं करून परत वापरायला देतं. दुसरं म्हणजे नावांची लघुरूपं, नवख्या माणसाला टीएसई, टीएसआय, व्हीजीआरजी सगळं एकसारखंच वाटणार, त्यामुळे आधी थोडं वाचून या आणि सर्च केल्यावर ऑर्गॅनिझमचा फिल्टर लावा, नाहीतर दुसऱ्याच बॅक्टेरियाचं प्रोटीन बघत बसाल.

हे झालं की सीडीआय (कॉन्टॅक्ट-डिपेंडंट इनहिबिशन, म्हणजे शेजाऱ्याला भिडून त्याची वाढ रोखणं) पण बघा, २००५ मध्ये ई. कोलायमध्ये सापडलेली पद्धत. त्यात नळी वगैरे काही नाही, सीडीआयए हे लांबलचक प्रोटीन पेशीबाहेर काढलेलं असतं, ते शेजाऱ्याच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला (ज्याला ते चिकटू शकतं अशा प्रोटीनला) भिडतं आणि शेवटचा विषारी तुकडा आत जातो. त्या तुकड्यांची त्यांच्या सीडीआयआय संरक्षकांसोबतची स्ट्रक्चरं पण इथेच आहेत. मोठ्या स्क्रीनवर उघडा, मोबाइलवर एवढं झूम करायला मजा येत नाही.