काळ्या मातीत कोणती गाडी: पुढच्या चाकांची की मागच्या चाकांची?

पावसाळा तोंडावर आला की आमच्या चोपडा तालुक्यात हा प्रश्न हमखास कानावर येतो: "भाऊ, गाडी कोनती लेवानी?" विचारणाऱ्याला मायलेज पाठ असते, हप्त्याचा हिशेब झालेला असतो, एअरबॅग किती तेही शोरूममध्ये कळलेले असते. त्याला जाणून घ्यायचे असते ते वेगळेच. जुलैत कापसाची फवारणी चालू असताना किंवा परतीच्या पावसात वेचणी अडकलेली असताना डांबरी सोडून वावरापर्यंत गाडी जाईल का, आणि गेली तर ट्रॅक्टरच्या टोचनाशिवाय परत येईल का?

आमच्या घरात दोन्ही जाती नांदतात. धाकट्या भावाकडे पुढच्या चाकांवर चालणारी, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळणारी, छोटी एसयूव्ही आहे. माझ्याकडे चेसिसवर, म्हणजे वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेली, मागच्या चाकांवर चालणारी डिझेल गाडी आहे. दोन्हींची नावे मुद्दाम सांगत नाही, कारण प्रश्न कंपनीचा नसून चाकांचा आणि बांधणीचा आहे. दोन्ही गाड्या त्याच शेतरस्त्यावर, त्याच नाल्यातून, त्याच पावसात चालवल्या आहेत. मोजमाप म्हणाल तर एवढेच. फूटपट्टी लावून काही मोजलेले नाही.

रस्त्याबद्दल आधी थोडे. तापीच्या दोन्ही अंगांची आपली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. कोरडी असताना तिच्यावरून भरलेला ट्रॅक्टर जातो. दोन तास पाऊस झाला की माणसाची चप्पलही सोडत नाही. त्यात केळीची कापणी पावसाळ्यातही थांबत नाही, म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची ये-जा चालूच. त्यांच्या चाकोऱ्या खोल जातात आणि मधला उंचवटा तसाच राहतो. गाडीचे पोट या उंचवट्याला लागते. म्हणून जमिनीपासूनची उंची सगळे विचारतात, आणि विचारायलाच हवी. चेसिसवरच्या, मागच्या चाकांच्या बोलेरोची ती १८० मिलिमीटर आहे. आजकालच्या बऱ्याच छोट्या एसयूव्ही कागदावर त्याहून जास्त सांगतात. म्हणजे नुसत्या उंचीवर निवड करायची तर भावाची गाडी कुठेच कमी पडत नाही.

माझा कौल फिरला तो एका किरकोळ वाटणाऱ्या कटकटीमुळे: टायर आणि मडगार्ड यांच्यामधली जागा.

काळा गारा, म्हणजे चिकट चिखल, टायरला लागून थांबत नाही, तो चाकाबरोबर वर चढतो. प्रत्येक फेऱ्याला नवा थर बसतो. आधी टायरची नक्षी भरते, मग बाजू भरतात, मग तो मडगार्डच्या आतल्या पोकळीत दाबून बसू लागतो. भावाच्या गाडीत या पोकळीला प्लॅस्टिकचे अस्तर आहे आणि टायर व अस्तर यांच्यात जागा थोडीच आहे. थोडे अंतर गेले की स्टीअरिंग वळवताना घासल्याचा आवाज येतो, मग स्टीअरिंग जड होते, आणि शेवटी चाक फिरायचेच थांबते, नुसते घसरत पुढे सरकते. पुढच्या चाकांच्या गाडीत ओढणारी आणि वळवणारी चाके एकच. ती जाम झाली की ओढही गेली आणि दिशाही गेली.

मग खाली उतरायचे, खुरप्याने किंवा तुरीच्या काडीने तो गारा उकरायचा. हात आत जात नाही. चाक एका बाजूला पूर्ण वळवून थोडे निघते, दुसरीकडे वळवून आणखी थोडे. भर पावसात, गुडघे चिखलात टेकून. पन्नास पावले पुढे गेले की पुन्हा तेच.

घरी आल्यावरही हे संपत नाही. जे आत राहिले ते उन्हाने विटेसारखे कडक होते. एकदा दुसऱ्या दिवशी जळगावला निघालो तर सत्तरच्या वेगाला स्टीअरिंग थरथरू लागले. गॅरेजवाल्याने अलाइनमेंट केली, त्याचे पैसे घेतले, थरथर गेली नाही. शेवटी चाक काढले तेव्हा रिमच्या आतल्या बाजूला मातीचा ढेकूळ चिकटलेला निघाला. चाकाचा तोल तेवढ्याने बिघडतो. पुढे अस्तराच्या क्लिपा तुटतात, ते खाली लोंबते आणि टायरला घासते. दर पावसाळ्यात हे आहेच. मोठा बिघाड यातला एकही नाही, गाडी रस्त्यात बंद पडत नाही, पण वावरात जायचे म्हटले की भाऊ आधी आभाळाकडे बघतो आणि मग मोटारसायकल काढतो. पाच माणसांची गाडी घेऊन पावसाळाभर ती ओट्याजवळ उभी ठेवायची, हे मला पटत नाही.

जुन्या माणसांना हे ठाऊक होते. आमच्या भागात पावसाळा लागला की सायकलची मडगार्डे काढून ठेवत. मोटारसायकलचे पुढचे मडगार्ड आजही कितीतरी जण काढतात किंवा वर उचलून बसवतात. गाडीचे मडगार्ड काढता येत नाही, म्हणून जागा आधीच बघून घ्यावी लागते.

माझ्या गाडीच्या चाकावर अख्खी मूठ आत जाते. गारा तिथेही भरतो, नाही असे नाही. पण जागा मोठी असल्याने बराचसा आपोआप गळतो, उरलेला काडीने निघतो. आणि पुढची चाके थोडी जड झाली तरी मागून रेटा चालू असतो, त्यामुळे गाडी हलत राहते. चिखलात हलत राहणे फार महत्त्वाचे. थांबलात की रुतलात.

दुसरा मुद्दा चढणीचा. आमच्या शेतरस्त्यात नाला आहे, त्यावर फरशी पूल नाही. उतरून पलीकडे चढताना गाडीचे वजन मागे सरकते. तेव्हा पुढची चाके हलकी होऊन जागच्या जागी फिरतात आणि मागची उलट जास्त दाबली जातात. भावाने एकदा गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये तो चढ चढवला होता. युक्ती बरोबर आहे, कारण तशी गेल्यावर वजन ओढणाऱ्या चाकांवर येते. पण रोज मान मागे वळवून नाला कोण चढणार?

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. सपाट ओल्या रस्त्यावर पुढच्या चाकांची गाडी जास्त सरळ चालते. इंजिनाचे वजन थेट ओढणाऱ्या चाकांवर असते, म्हणून निसरड्यावरून ती मुकाट्याने पुढे जाते. माझी रिकामी गाडी त्याच जागी मागून फिरते. नवख्या माणसाला ते भीतीदायक वाटेल, आणि वाटायलाच हवे. मी जून ते सप्टेंबर मागच्या चाकांच्या बरोबर वर खताच्या दोन गोण्या घट्ट बांधून ठेवतो. युरियाची गोणी ४५ किलोची असते, दोन पुरतात. कापूस घरी आणताना तर वजनाचा प्रश्नच नसतो.

महामार्गावर तुलनाच नको. धुळ्याहून सुरतेकडे कुटुंब घेऊन जायचे असेल तर मी भावाची गाडी मागून नेतो. आई मागच्या सीटवर बसली की माझ्या गाडीत तिची कंबर धरते. ब्रेक, वळणावरची स्थिरता, आतला आवाज, डिझेलचा वास, सगळ्यात ती सरस. ज्यांच्या शेतरस्त्यावर मुरूम पडला आहे, खडी दाबलेली आहे, त्यांनी माझे पुढचे काही न वाचता तीच घ्यावी असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मागच्या चाकांच्या गाडीची खरी अडचण एका चाकाची आहे. साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरमध्ये, एक चाक घसरले की ताकद त्याच चाकाकडे वाया जाते आणि पकड असलेले दुसरे चाक गप्प बसते. अशा वेळी हँडब्रेक दोन-तीन खाचा ओढून हळू एक्सलरेटर दिला तर घसरणाऱ्या चाकाला अडसर होतो आणि थोडी ताकद दुसऱ्याकडे जाते. माझी गाडी यावर बऱ्याचदा निघाली आहे. बटणाचा हँडब्रेक असेल तर हे जमत नाही, आणि पुढच्या चाकांच्या गाडीत तर त्याचा उपयोगच नाही, कारण हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. २०२१ साली आलेल्या बोलेरो निओच्या एका वरच्या आवृत्तीत यासाठी मागच्या डिफरन्शियलला यांत्रिक लॉक दिले होते. जुनी गाडी घेणार असाल तर ती आवृत्ती शोधायला हरकत नाही.

फोर बाय फोर घ्यावी का? धडगाव, मोलगी, तोरणमाळ या सातपुड्यातल्या गावांकडे कायमची ये-जा असेल तर जरूर. चांदसैली घाटात पावसाळ्यात दरडी येतात, कडेच्या ओल्या मातीवरून गाडी काढायची वेळ येते, तिथे चारही चाकांचा जोर लागतो. पण आपल्या सपाटीच्या शेतकऱ्याला तेवढा खर्च परवडेल का, हे ज्याने त्याने पाहावे. आणि एक लक्षात असू द्या: चारही चाकांनी जोर लावल्याने गाडी निघते, थांबते मात्र बाकीच्या गाड्यांइतकीच. बर्फाच्या मुलुखातले लोकही हेच सांगतात, तिकडे ते आधी हिवाळ्याचे टायर बदलतात आणि मग गाडीचे बोलतात.

टायरवरून आठवले. रुंद टायर रुबाबदार दिसतो, पण आपल्या मातीत तो जास्त गारा उचलतो आणि मडगार्डमधली जागाही खातो. आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी चिखलाखाली थोड्याच खोलीवर कडक थर लागतो. अरुंद टायर चिखल कापून त्या थरापर्यंत लवकर पोचतो. मोठ्या नक्षीचे चिखलाचे टायरही काही जण टाकतात. ते थोडे जास्त अंतर टिकतात, पण शेवटी त्यांचीही नक्षी भरते आणि डांबरीवर ते गुरगुरतात. हवा कमी करण्याचा सल्ला गिरणेच्या किंवा तापीच्या वाळूत कामाचा आहे. काळ्या गाऱ्यात मला त्याचा फारसा गुण आला नाही, तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

तर ज्यांचा शेतरस्ता अजून कच्चा आहे, वाटेत नाला आहे आणि गाडीने पावसाळ्यातही वावर गाठायचे आहे, त्यांनी मागच्या चाकांची, चेसिसवरची गाडी आधी बघावी असे मी म्हणेन. शोरूममध्ये गेल्यावर स्टीअरिंग एका टोकापर्यंत वळवायला सांगा आणि टायरच्या वर, मागे व आतल्या बाजूला हात घालून पाहा. मूठ अडली तर विचार करा. पुढे दुसऱ्या टोकापर्यंत वळवून तेच करा, कारण एका बाजूला जागा असते आणि दुसऱ्या बाजूला नळी किंवा अस्तराचा कोपरा आडवा येतो. अलॉयऐवजी लोखंडी रिम आणि लहान मापाचे चाक मिळत असेल तर तेच मागा. टेस्ट ड्राइव्हला कोणी गाडी चिखलात नेऊ देणार नाही. त्यापेक्षा ज्याच्याकडे ती गाडी आधीपासून आहे अशा ओळखीच्या माणसाला गाठा, पोळ्याच्या आसपास माती पुरती भिजलेली असते तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या वावरापर्यंत जाऊन या, आणि येताना खुरपे किती वेळा काढावे लागले ते बघा.