ऑप्टिक्सचं घरगुती किट घेतलं, लेझर झकास पण लेन्सने रडवलं

एमएस्सी फिजिक्सला अप्लाइड ऑप्टिक्स घेतलेल्यांसाठी लिहितेय, बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल. प्रकाशाचे प्रयोग घरी करायचं हे किट २,८५० रुपयांचं, ऑनलाइन मागवलं, इंदूरला सहा दिवसांत आलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, तसंही हाच डबा दोन-तीन वेगळ्या नावांनी विकायला दिसला. पाचपैकी तीन स्टार देतेय, तेही ग्रेटिंगच्या (अगदी जवळजवळ रेषा असलेली, प्रकाश फाकवणारी पट्टी) पुण्याईवर.

घ्यायचं कारण असं की आमच्या लॅबमध्ये एका स्पेक्ट्रोमीटरवर (प्रकाश किती कोनात वळला ते मोजायचं यंत्र) सहा जण असतात, पहिला जो बसतो तो सगळं सेट करतो आणि उरलेले पाच जण नुसतं रीडिंग उतरवतात, व्हायवात विचारलं की प्रिझम टेबल लेव्हल कशी केली तर सगळे एकमेकांकडे बघतात. म्हटलं घरी स्वतःच्या हाताने करून बघू. आधी इथल्या दुकानांत शोधलं, सायन्सचं सामान विकणाऱ्या एका दुकानात काकांनी ग्रेटिंग ऐकल्यावर मला ग्रीटिंग कार्डवाल्याचा पत्ता दिला, ज्या गावात राजा रामण्णा सेंटरचा इंडस-२ (प्रयोगांसाठी प्रखर किरणं देणारा मोठा सिंक्रोट्रॉन) चालतो त्या गावात ही गत आहे भिया.

तर आता माल. लाल लेझरवर वेव्हलेंथ (प्रकाशलहरीची लांबी) ६५० नॅनोमीटर लिहिलीय, ग्रेटिंगवर ५०० रेषा प्रति मिलीमीटर. छापलेल्यावर माझा विश्वास नाही म्हणून ग्रेटिंग दप्तरात घालून कॉलेजात नेलं आणि प्रॅक्टिकल संपल्यावर सोडियम लॅम्पसमोर लावलं, पहिल्या ऑर्डरला (मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंची पहिली रेषा) डावीकडून उजवीकडे ३४ अंश २० मिनिटं आले, म्हणजे थीटा (त्याचा अर्धा, एका बाजूचा कोन) १७ अंश १० मिनिटं, सोडियमची वेव्हलेंथ ५८९.३ नॅनोमीटर धरली तर मिलीमीटरला रेषा ५०१ निघतात. एवढ्या स्वस्तात असं ग्रेटिंग म्हणजे कमालच. मग घरी भिंतीपासून बरोबर १ मीटरवर ग्रेटिंग ठेवून लेझर मारला, मधल्या ठिपक्यापासून पहिला ठिपका ३४.६ सेंटीमीटरवर, म्हणजे लेझर ६५३च्या आसपास. इथे एक गोष्ट सांगते, ग्रेटिंगच्या सूत्रात साइन येतो आणि भिंतीवरच्या अंतरातून टॅन मिळतो, त्यांच्यात गडबड करू नका, कोन लहान आहे म्हणून चालून जाईल असं वाटतं पण १९ अंशाला चालत नाही, मी पहिल्यांदा तेच केलं आणि लेझर ६९० नॅनोमीटरचा निघाला.

ह्याच लेझरने केसाची जाडी मोजता येते, ह्याला काहीच सामान लागत नाही, पुठ्ठ्याला भोक पाडून त्यावर केस ताणून चिकटवायचा आणि २ मीटरवर भिंत. केस म्हणजे उलटी स्लिट (बारीक फट), त्यामुळे मधला भगभगीत ठिपका सोडला तर पॅटर्न स्लिटसारखाच पडतो. माझ्या केसाला लागोपाठच्या दोन काळ्या पट्ट्यांमध्ये १.७ सेंटीमीटर अंतर आलं, म्हणजे ७७ मायक्रॉन. आजी म्हणाली माझाही मोज, तिच्या पांढऱ्या केसाला २.३ आलं, म्हणजे ५७. पट्ट्या लांब लांब गेल्या म्हणजे केस बारीक हे तिला समजावलं तर म्हणे हे सांगायला एवढं मशीन कशाला, वेणी घालताना हाताला कळतं.

आता रडगाणं. दोन लेन्स दिल्यात, दोन्हीवर एफ (फोकल लेंथ) १० सेंटीमीटर. त्यावर विसंबून मी एका संध्याकाळी ४एफ (दोन लेन्सने इमेज घेऊन मध्येच तिचा नको तो भाग गाळायची मांडणी) लावायला बसले, दोन लेन्समध्ये २० सेंटीमीटर, अलीकडे जुन्या ओढणीचा तुकडा, म्हणजे मधल्या फोकसला ठिपक्यांची जाळी मिळेल आणि तिथे स्लिट धरून उभे धागे गायब करून आडवेच ठेवता येतील. काही केल्या इमेज बसेना. दोन तास ह्या लेन्सला पुढे त्या लेन्सला मागे, आई दोनदा जेवायला हाक मारून गेली. शेवटी गच्चीवर जाऊन दूरच्या पाण्याच्या टाकीची इमेज वहीवर घेतली तेव्हा कळलं, एक लेन्स १० ची आहे आणि दुसरी साडेतेराची! मधलं अंतर २३.५ ठेवल्यावर पाच मिनिटांत धागे दिसले, स्लिट धरल्यावर उभे धागे गेले सुद्धा. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर आधी म्हणे मॅडम आपने उलटा पकड़ा होगा. दोन्हीकडून फुगीर लेन्स उलटी कशी धरतात हे मला अजून कळायचंय. अकरा दिवसांनी बदली लेन्स आली, त्यावर काहीच लिहिलेलं नाही, मोजली तर ९.८ आली, ही वापरतेय.

मायकेल्सन इंटरफेरोमीटर (लेझरचे दोन भाग करून दोन आरशांवरून परत एकावर एक पाडायचे, म्हणजे उजेड-अंधाराच्या पट्ट्या, फ्रिंजेस, दिसतात) हे जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात आहे आणि सगळ्यात टाकाऊ तेच आहे. आरसे मागून लेप असलेले, साधे, घरात असतात तसे, त्यामुळे एका ठिपक्याचे तीन तीन ठिपके दिसतात आणि कुठला कुठल्यावर बसवायचा हेच कळत नाही (सगळ्यात ठळक दोन बसवायचे). बेस प्लास्टिकचा, बोटाने दाबला तर वाकतो. आणि आरसा सरकवायचा स्क्रू साधा, अर्ध्या मिलीमीटरचे आटे. जरा हिशोब करा, एक फ्रिंज सरकायला आरसा अर्धी वेव्हलेंथ म्हणजे सव्वातीनशे नॅनोमीटर हलावा लागतो, आणि ह्या स्क्रूच्या एका फेऱ्यात दीड हजार फ्रिंजेस पळून जातात, मोजणार कुठून! शिवाय असा स्वस्त डायोड लेझर हीलियम-निऑन लेझरसारखा भरवशाचा नाही, दोन्ही आर्म (दोन आरशांपर्यंतचे किरणांचे रस्ते) फूटपट्टीने मोजून अगदी सारखे ठेवले तरच पट्ट्या धड दिसतात, हे पत्रकात कुठेही लिहिलेलं नाही.

आमचं घर लोकमान्य नगरात, स्टेशनजवळ, महूकडची गाडी गेली की सगळं थरथरतं. तरी फ्रिंजेस आणल्याच. बेस काढून टाकला, आजीचा पाटा घेतला, त्याच्याखाली स्कूटरची जुनी ट्यूब अर्धवट हवा भरून ठेवली आणि आरसे, बीम स्प्लिटर (किरण दोन भागांत वाटणारी काच) सगळं पाट्यावर एम-सीलने चिकटवलं. रात्री साडेअकराला पंखा बंद करून बसले, समोर छोटी लेन्स धरली आणि भिंतीवर पट्ट्या आल्या, लाल-काळ्या, हळूहळू सरकणाऱ्या. एका आर्मच्या जवळ नुसता हात नेला, टेकवला नाही, तरी हाताच्या उबेने पट्ट्या वाकायला लागल्या. सेमिस्टरभर ऑप्टिकल पाथ (वाटेतल्या हवेसकट मोजलेला प्रकाशाचा रस्ता) हा शब्द लिहिलाय, पण तो दिसला त्या रात्री. त्यामुळे किटला शिव्या घालताना थोडं वाईटही वाटतं, हे पण लिहून ठेवते.

पोलरॉइड (प्रकाशाची एकाच दिशेची कंपनं जाऊ देणारे फिल्टर) दोन आहेत, चांगले आहेत. दोघांच्या मध्ये प्लास्टिकची पारदर्शक फूटपट्टी धरली की इंद्रधनुष्य दिसतं, धाकट्याला तेच आवडलं.

हिरवा लेझर फ्री म्हणून दिलाय तो घेऊ नका, दिला तर कपाटात टाका. हे लेझर आतून १०६४ नॅनोमीटरचे असतात, ते दुप्पट फ्रिक्वेन्सीचे करून ५३२ मिळतात, आणि स्वस्त मालात उरलेलं इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर बरेचदा नसतो. ते दिसत नाही त्यामुळे डोळा मिटतही नाही. लहान मुलं असलेल्या घरात तर नकोच. लाल लेझरसुद्धा कुणाच्या तोंडाच्या उंचीवर लावू नका, टेबलावर खालीच ठेवा आणि अंगठ्या, घड्याळ काढून बसा.

माझं ऐकाल तर लाल लेझर, ग्रेटिंग आणि पोलरॉइड सुटे घ्या, लेन्स स्वतः मोजून घ्या, पैसे निम्म्याने वाचतील. मायकेल्सन करायचाच असेल तर पुढून लेप असलेले आरसे वेगळे मागवा आणि पाटा स्वतःचा वापरा, एम-सील खरवडायला मला दोन दिवस लागले आणि शुक्रवारी पुरण वाटताना आजी दर दोन मिनिटांनी पाटा उजेडात तिरका धरून बघत होती.