ईव्हीए फोम शीट: मास्टर चीफच्या चिलखताला पुरते का?

पुरते. ईव्हीए म्हणजे चपला आणि खेळायच्या मॅट यांतला रबरासारखा हलका फोम. कॉस्प्लेत, म्हणजे गेम-सिनेमातल्या पात्राचा पोशाख करून स्पर्धेत उतरताना, चिलखत याचंच करतात. पण दुकानदाराने ‘दहा एमएम देऊ का?’ विचारलं की लगेच मान डोलवू नका. जाडी नंतर, आधी टणकपणा बघा. शीटवर अंगठा जोरात दाबून सोडा. खड्डा लगेच भरून आला तर चिलखताला चालेल. हळूहळू भरत राहिला तर तो फोम गादीचा. त्याची छातीची पाटी स्पर्धेच्या दिवशी दुपारपर्यंत पोटावर घडी घालून बसते. शीटवर आकडा छापलेला असेल तर शोअर सी या टणकपणाच्या मापात ३५ ते ४५च्या दरम्यानचा घ्या.

कसोटीसाठी ‘हेलो’ या व्हिडिओ गेममधल्या मास्टर चीफ या सैनिकाचं मार्क ६ चिलखत धरलं आहे, २००४च्या ‘हेलो २’मध्ये आलं ते. मांडी गोल, छाती कोनदार, हेल्मेटवर बारीक खाचा; फोमची सगळी परीक्षा एकाच पोशाखात होते. अंगभर चिलखताला १० एमएमची साधारण सात-आठ चौरस मीटर शीट लागते. शिवाय वरच्या पट्ट्या आणि खाचांसाठी ५ आणि २ एमएमची एकेक.

ईव्हीए बाजारात तीन रूपांत मिळतं. मुलांच्या खोलीत अंथरतात त्या पझल मॅट सगळ्यात स्वस्त, पण मऊ, आणि एका बाजूला खरबरीत नक्षी. हीट गनने, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने, ती थोडी बसते, पुसली जात नाही. म्हणून ती बाजू कायम आत. चपलांच्या कच्च्या मालाच्या दुकानातली सोलची शीट फार टणक, गोल वळवायला गेलं की झगडते. बुटांचे तळ आणि हत्यारं यांना तीच उत्तम. कॉस्प्लेसाठी म्हणून विकतात ती दोन्ही बाजूंनी गुळगुळीत आणि सर्वात महाग. हेल्मेट, छाती आणि खांदे तिचे करा, पाठ आणि पोटऱ्या मॅटच्या. परीक्षक चेहऱ्यासमोरच जास्त वेळ उभे असतात.

हेलोच्या चाहत्यांत पेपाकुरा फायली, म्हणजे चिलखताचे तुकडे छापून कापायचे साचे, सहज सापडतात. गोची मापात होते. पेपाकुरा हे मुळात कागदी मॉडेलसाठीचं सॉफ्टवेअर, आणि कागदाला जाडी नसते. १० एमएम फोमची नळी केली की आतला व्यास २० एमएमने कमी होतो, म्हणजे आतला घेर जवळजवळ ६३ एमएमने. मांडी ५६ सेंटिमीटर असेल तर बाहेरचा घेर ५६ अधिक साडेसहा, वर आतल्या कपड्यासाठी दोन-तीन सेंटिमीटर, असा ६५च्या आसपास धरा. हे न करता कापलेली मांडी गुडघ्याच्या वर सरकत नाही, आणि तोवर सहा तासांचं काम वाया गेलेलं असतं. आधी पुठ्ठ्याची एक मांडी करून घालून बघा.

कापायला १८ एमएमचा कटर. ईव्हीए पात्याची धार फार पटकन खातो, तेव्हा कापलेली कड तुसासारखी फाटू लागली की टोक मोडा, वाट बघू नका. करवतीसारखं मागेपुढे नको. दोन-तीन लांब ओढींत आरपार जा. कोनात जोडायच्या कडा ४५ अंशांत तिरक्या कापा. आतून वळवायचं असेल तिथे अर्ध्या जाडीपर्यंत व्हीसारखी खाच.

कापल्यावर हीट गन. पंधरा-वीस सेंटिमीटरवरून, हात सतत फिरता. पृष्ठभागाची रंध्रं मिटतात आणि मळकट दिसणारा फोम किंचित चमकू लागतो, तेवढ्यावर थांबायचं. जास्त तापला की फोड येतात किंवा कडा आत ओढल्या जातात, ते परत नीट होत नाहीत. वाकवून मिनिटभर तसाच धरून ठेवला की आकार राहतो. केसांच्या ड्रायरने हे होत नाही.

खरी भानगड जोडांची. सुताराकडचा रबरी फेविकॉल, एसआर ९९८ सारखा, दोन्ही कडांना पातळ लावायचा आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, थांबायचं. मग टेकवलं की टेकलं, हलवायला जागा नाही; म्हणून दर पाच सेंटिमीटरवर पेनने जुळणीच्या खुणा आधीच मारून ठेवा. पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात हा गोंद दगा देतो. द्रावक उडताना कड गार होते, दमट हवेतलं पाणी तिच्यावर साचतं आणि पांढुरकी साय धरते. त्या सायीवर जोडलेली कड दोन दिवसांनी आपोआप उघडते. साय दिसली तर हीट गनने दुरून हलकं शेकून घ्या, मग जोडा. या गोंदाचा वास मात्र घेऊ नका: खिडकी उघडी ठेवा आणि केमिकल फिल्टरचा मास्क घाला, कापडी मास्क याला कामाचा नाही. ग्लू गन फक्त तात्पुरत्या टाक्यांसाठी: मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तिचा जोड मऊ पडतो.

फटी बुजवायला अ‍ॅक्रिलिक सीलंट. हार्डवेअरवाला त्याच किमतीत सिलिकॉनची नळी पुढे करेल, ती घेऊ नका. सिलिकॉनवर रंग बसत नाही, आणि फोमला एकदा लागलं की पूर्ण निघतही नाही. सीलंट ओल्या बोटाने सपाट करा, रात्रभर सुकू द्या, मग १२० आणि २४० नंबरचा पॉलिश पेपर.

रंगाआधी पृष्ठभाग बंद करायलाच हवा. प्लास्टीडिपचे, म्हणजे रबरी थर देणाऱ्या स्प्रेचे, तीन-चार पातळ हात सर्वोत्तम, कारण ते वाकलं तरी तडकत नाही. पांढरा फेविकॉल निम्म्या पाण्यात पातळ करून पाच-सहा हात दिले तरी भागतं, पण कोपर आणि कंबर इथे सुरकुत्या येणारच. उघड्या फोमवर थेट गाडीचा स्प्रे मारणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक: फोम रंग पितो, पोत वर येतो, आणि वाकवलं की रंग भेगाळतो. चिलखताच्या हिरव्या रंगावर काळपट तपकिरी अ‍ॅक्रिलिक पाण्यात कालवून फासा, लगेच फडक्याने पुसा. खाचांत राहिलेला मळच चिलखताला जुनं करतो. शेवटी कोरड्या ब्रशने फक्त कडांवर चंदेरी.

वर्बला हे तापवून वळवायचं प्लास्टिक जास्त कडक आणि बारीक नक्षी धरतं, पण बाहेरून येतं; त्याच्या पैशांत फोमचा अख्खा पोशाख उभा राहतो. थ्रीडी प्रिंटचं हेल्मेट धारदार दिसतं, मात्र त्याचं पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं, म्हणून पुन्हा तीच डिकी.

फोमला पाचपैकी चार. एक गुण कापला तो पट्ट्यांसाठी. फोमवर नुसतं चिकटवलेलं वेल्क्रो घामाने आणि ओढीने सुटतं, फोमची कातडी सोबत घेऊन. वेल्क्रो आधी निवारीच्या पट्टीवर शिवा, मग ती पट्टी आतून तळहाताएवढ्या रुंदीत चिकटवा. हेल्मेटच्या आत ४० एमएमचा पाच व्होल्टचा पंखा पॉवर बँकेवर लावा, नाहीतर सोनेरी व्हायझर दहा मिनिटांत धुरकटतो. आणि मंचामागे पिशवीत एक लहान डबी रबरी फेविकॉल, कटर, काळा मार्कर आणि चार सेफ्टी पिना ठेवा; खांद्याची पाटी बहुतेक वेळा लिफ्टच्या दारातच निघते.