पायथन स्लो झालं की सीप्रोफाइल लावायचं का पाय-स्पाय?

आमच्या हिंजवडीच्या टीममध्ये कोड स्लो झाला की पहिला हात जातो सीप्रोफाइलकडे (कोडचा वेळ कुठे जातो ते दाखवणारं टूल), कारण ते पायथनसोबतच येतं. ते प्रत्येक फंक्शन कॉल नोंदवतं, त्यामुळे काय किती वेळा चाललं ते नेमकं कळतं. पण ह्या नोंदीलाच वेळ लागतो ना, आणि मग लाखो वेळा कॉल होणारी बारकी फंक्शन्स उगाच बदनाम होतात.

मागच्या महिन्यात हेच झालं, तारीख फॉरमॅट करणारं चार ओळींचं फंक्शन सगळ्यात वर दिसत होतं, दोन दिवस त्यात घातले आणि फरक शून्य. मग पाय-स्पाय हे तसलंच दुसरं टूल चालू प्रोसेसलाच (चालू असलेल्या प्रोग्रामलाच) लावलं, रीस्टार्ट नाही, कोडला हात नाही, फक्त प्रोसेस आयडी द्यायचा (बहुतेकदा सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार, लागतात). ते डिफॉल्टला सेकंदाला १०० वेळा स्टॅक बघतं, म्हणजे त्या क्षणी कुठलं फंक्शन कुणाच्या आत चालू आहे ते. म्हणजे विद्यापीठ चौकात गाडीन् गाडी मोजण्याऐवजी मधूनमधून नजर टाकायची, जिथे रांग आहे तिथे ती दिसणारच. मिनिटभरात फ्लेम ग्राफमधली (जितका जास्त वेळ तितकी रुंद पट्टी असा आलेख) सगळ्यात रुंद पट्टी सापडली, ओळ नंबरासकट: प्रत्येक बिल अख्ख्या लिस्टमध्ये शोधत होतो. त्या ओळीत फंक्शन कॉलच नव्हता, म्हणून सीप्रोफाइलला ती वेगळी दिसलीच नाही. लिस्टचा सेट केला (त्यात अख्खी यादी न चाळता शोधता येतं), काम झालं.

प्रॉडक्शनवर मी तरी आता पाय-स्पायच लावणार. कॉल मोजायचे असतील किंवा स्क्रिप्ट क्षणात संपणारी असेल तर मात्र सीप्रोफाइल, कारण तेवढ्यात पाय-स्पायला सॅम्पल (त्या मधूनमधूनच्या नजरा) पुरेसे मिळत नाहीत. आणि डेटाबेसची वाट बघण्यात वेळ जातोय अशी शंका असेल तर पाय-स्पायला आयडलचा पर्याय द्या, नाहीतर थांबलेले थ्रेड ते सोडून देतं.