यीवूत "रुपये द्या, युआन मी भरतो" म्हणणाऱ्याने मला ५५,६८० रुपयांना बुडवलं

लिहू की नको यातच दोन महिने गेले. लाज वाटते हो. सहा वर्षं हेअर क्लिप आणि इमिटेशनचा ऑनलाइन धंदा करतेय, कस्टमरने खोट्या पेमेंटचा स्क्रीनशॉट पाठवला तर दोन सेकंदात ओळखते, आणि मीच परदेशात जाऊन स्क्रीनशॉटला फसले. घरी फक्त नवऱ्याला माहितीय, सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

नोव्हेंबर २०२४, चीन, यीवूचं होलसेल मार्केट. तिथे सगळं मोबाईलवर, अलीपे नाहीतर वीचॅट पे. आपलं यूपीआय तिथल्या दुकानात चालत नाही, आणि आठवडाभरासाठी आलेल्या बाईला तिथली बँक खातं कशाला उघडून देईल. पण २०२३ पासून आपलं व्हिसा, मास्टरकार्ड या अ‍ॅपना सरळ जोडता येतं, पासपोर्टचा फोटो टाकून, आणि मी ते घरूनच जोडून गेले होते, कार्डाचं इंटरनॅशनल बटणही चालू करून. तेव्हा काही न बघता गेली असेल असं कृपया कोणी म्हणू नका. टॅक्सी, नूडल्स, पाण्याची बाटली, सगळं पहिले दोन दिवस झकास चाललं. २०० युआनपर्यंत फी नाही, वर गेलं की अ‍ॅप ३ टक्के लावतं, शिवाय आपली बँक मार्कअप आणि त्यावर जीएसटी लावते, म्हणजे पावणेबारा-बाराचा युआन हातात येईस्तोवर साडेबाराच्या वर जातो. हे डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि तिथेच माझी माती झाली.

तिसऱ्या दिवशी मार्केटच्या डिस्ट्रिक्ट वन या भागात क्लिपवाल्या बाईकडे ४,३०० युआनचा माल ठरला. भिंतीवरचा हिरवा कोड स्कॅन केला, कार्ड रिजेक्ट. परत केला, परत रिजेक्ट. मागून कळलं की बाहेरच्या कार्डाने दुकानाच्या मर्चंट कोडवर पैसे जातात, माणसाच्या पर्सनल कोडवर ट्रान्सफर होत नाही. लहान गाळेवाले पर्सनल कोडच चिकटवून बसतात. तिला इंग्रजी येत नाही, मला चिनी येत नाही, आम्ही दोघी कॅल्क्युलेटरवर बोलत होतो.

म्हणून मी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या भारतीय व्यापाऱ्यांच्या एका ग्रुपवर विचारलं. पाच मिनिटांत एकाचा पर्सनल मेसेज, आणि तो मराठीत! "ताई टेन्शन नका घेऊ, मी इथेच असतो, तुम्ही मला रुपये यूपीआय करा, दुकानाच्या कोडचा फोटो पाठवा, मी इथून भरतो." रेट ११.६०. असं तिथे बरेच जण करतात, माझ्या हॉटेलात उतरलेल्या दोघांनी तर त्याच आठवड्यात केलं होतं, मी काही जगावेगळं केलं नाही. आणि तीन दिवस मराठीचा एक शब्द कानावर पडला नसेल तर "ताई" ऐकून माणूस विरघळतोच.

तरी मी ट्रायल घेतली. आधी ३०० युआन, म्हणजे ३,४८० रुपये. चार मिनिटांत त्या बाईच्या टेबलावरचा छोटा स्पीकर मोठ्याने बोलला, आपल्याकडे किराणावाल्याकडे असतो ना तसाच डबा. तिने अंगठा दाखवला. मग उरलेले ४,०००, म्हणजे ४६,४०० पाठवले. या वेळी यूपीआय आयडी वेगळा होता आणि नाव कुठल्याशा ट्रेडिंगचं आलं. विचारलं तर म्हणाला, "ताई, त्या खात्याची लिमिट संपली, हे मेव्हण्याचं." मी मान्य केलं. का केलं देव जाणे.

दोन मिनिटांत त्याचा स्क्रीनशॉट आला. हिरवी टिक, ४,०००.०० आणि बाकी सगळं चिनी. मी फोन बाईपुढे धरला. तिने तिचा फोन बघितला, नाही अशी मान हलवली. आणि स्पीकर बोललाच नाही. मी उभी आहे, ती उभी आहे, शेजारच्या गाळ्यातला स्पीकर दर मिनिटाला बोंबलतोय आणि आमचा डबा ढिम्म. तासाभरापूर्वी याच डब्याने ३०० ला आवाज दिला होता. डोळ्यासमोर होतं हो सगळं! स्क्रीनशॉट त्याच्या हातातला, स्पीकर तिच्या टेबलावरचा, खरं कोण बोलणार हे शेंबड्या पोराला कळेल. मला नाही कळलं, कारण मार्केट बंद व्हायची वेळ झाली होती, परवा माझी फ्लाइट होती आणि मला ते खरं असायला हवं होतं.

तो म्हणाला रक्कम मोठी आहे म्हणून अ‍ॅपने २४ तास होल्डवर टाकलीय. आता गंमत बघा, पैसे २ तासांनी किंवा २४ तासांनी पोचवायची सोय त्या अ‍ॅपमध्ये खरंच असते, मी शोधून बघितलं, त्यामुळे पटलं. वर म्हणे २० टक्के सिक्युरिटी भरली तर लगेच रिलीज होईल, नंतर परत मिळतील. ९,२८० रुपये. तेही पाठवले. कोणी हसणार असेल तर हसून घ्या. रात्री साडेनऊला त्याने ब्लॉक केलं. तेव्हा कुठे मी भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये तो स्क्रीनशॉट टाकला, तर तारीख सप्टेंबरची.

यूपीआय स्क्रीनवरचं नाव आणि समोरच्याचं नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा, मेव्हणाबिव्हणा काही नाही. ट्रायल पोचली म्हणून पुढचे पोचतील असं नसतं, ट्रायल हे त्यांचं भांडवल असतं.

दुसऱ्या दिवशी तोंड पाडून त्या बाईकडे गेले, तर तिने काय करावं? टेबलाच्या खणातून दुसरा कोड काढला. निळा, मर्चंटचा! माझं कार्ड दहा सेकंदात चाललं, ४,००० वर १२० युआन फी, आणि डबा बोलला. त्यावर तिला कमिशन पडत असेल म्हणून आत ठेवला असेल, पण मी आदल्या दिवशी नुसतं "दुसरा कोड?" असं खुणेने विचारलं असतं तरी भागलं असतं. नाहीतर एटीएममधून युआन काढून रोख द्यायचे, चीनमध्ये दुकानदाराने रोख नाकारायची नाही असा तिथल्या केंद्रीय बँकेचा नियमच आहे. साडेचार हजार रुपये वाचवायला गेले होते मी.

आता आपल्याकडचं ऐका. नवऱ्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली, पण तोवर १६ तास उलटले होते. हा फोन पहिल्या तासात करायचा असतो, रडणं नंतर. त्या ट्रेडिंगवाल्या खात्यात होल्डला सापडले १,१४० रुपये, आणि तेही सोडवायला कोर्टाची ऑर्डर आणा म्हणे. माझी बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात, आमची जबाबदारी नाही. बरं, समोरच्या खातेदाराची माहिती द्या, तर गोपनीय! चोराची गोपनीयता सांभाळायची आणि माझे तीन अर्ज तीन वेगवेगळ्या काउंटरवर फिरवायचे. पोलीस स्टेशनात पहिल्या दिवशी ऐकलं, "मॅडम, घटना चीनमध्ये घडली, आम्ही काय करणार?" अहो, माझं खातं भारतात, त्याचं खातं भारतात, पैसे भारतातून भारतात गेले, चीनमध्ये एक रुपया पोचला नाही हीच तर माझी तक्रार आहे! झीरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असो, तक्रार कुठल्याही स्टेशनला घ्यावी लागते, नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ आहे, हे मीच वाचून गेले होते. साहेबांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "रुपये इथे देऊन तिकडे युआन, याला काय म्हणतात माहितीय ना?" म्हणजे हवाला. म्हणजे फसले मी आणि गुन्हेगारही मीच व्हायची वेळ. त्या प्रश्नानंतर पंधरा दिवस मी तिकडे फिरकलेच नाही, आणि हे लोक नेमकं त्याच भीतीवर जगतात. तुमच्याबाबतीत झालं तर घाबरून गप्प बसू नका, चॅट डिलीट करू नका, यूटीआर नंबर (व्यवहाराचा नंबर) लिहून ठेवा आणि नंबर ब्लॉक करायच्या आधी प्रोफाइलचा फोटो काढा. माझा काढायचा राहिला.

तिसऱ्या खेपेला एफआयआर घेतली, कॉपी नऊ दिवसांनी मिळाली, त्यात युआनच्या जागी "युवान नावाचा इसम" असं टाइप झालंय. दुरुस्तीचा अर्ज दिलाय. त्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनला मी सगळे पुरावे पाठवले होते, त्याने मलाच काढून टाकलं.