रायडिंग मॉवरच्या दुरुस्तीत आम्हाला कसं लुबाडलं

बसून चालवायचं गवत कापायचं मशीन खान्देशात फारसं कुठे दिसत नाही. एखादं कॉलेजचं मैदान, एखादा रिसॉर्ट, कारखान्याची वसाहत, एवढंच. ट्रॅक्टरचा मिस्त्री गावोगाव आहे, मोटार रिवाइंडिंगवाला प्रत्येक फाट्यावर आहे, पण या मशीनला कधी हात लावलेला माणूस शोधूनही सापडत नाही. नेमका याचाच फायदा घेऊन आम्हाला लुबाडलं गेलं. ज्यांच्याकडे असं मशीन आहे त्यांनी हे नीट वाचावं. तो माणूस, नाहीतर त्याच्यासारखाच दुसरा, उद्या तुमच्याही दारात येईल.

पारोळा-अमळनेर भागातल्या एका शिक्षणसंस्थेच्या मैदानाची देखभाल माझ्याकडे आहे. आमचं मशीन पुण्याकडून वापरलेलं घेतलेलं. 42 इंची डेक, म्हणजे पात्यांवरचं पत्र्याचं झाकण, खाली दोन पाती, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं सिंगल सिलिंडर इंजिन, आणि गिअरऐवजी हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन, म्हणजे तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारी यंत्रणा. मैदानावर हरळी आहे. उन्हाळ्यात ती वाळून जमिनीला चिकटते, पण पाऊस लागला की काळ्या मातीत अशी फोफावते की आठवडाभर मशीन उभं राहिलं तर खेळणाऱ्या मुलांना चेंडू सापडत नाही. ऐन श्रावणात मशीन सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडायला लागलं. पुढे जिल्हास्तरीय स्पर्धा होत्या. घाई होती, आणि ती घाई समोरच्याला फोनवरच कळली होती.

मिस्त्रीचा नंबर ओळखीतून आला. गडी बोलायला गोड, अंगात कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट, मोबाईलमध्ये पार्टच्या फोटोंचा ढीग. मशीनभोवती फिरला, सीट उचललं, दोनदा सेल्फ मारला आणि म्हणाला, "दादा, ईसीएम गेलाय. ट्रान्समिशन पण संपलंय. डेकच्या बेअरिंगा तर बोंबलताहेत." त्याने मशीन शेडमधून बाहेर ढकलत आणलं, मग इंजिन चालू करून दाखवलं की बघा, पॅडल दाबलं तरी जागचं हलत नाही. ते खरोखर हलत नव्हतं. त्याला पाहणारे आम्ही सगळे गप्प झालो.

आता यातली एकेक गोष्ट उलगडून सांगतो, कारण फसवणुकीचं सगळं कसब या तीन वाक्यांत आहे.

पहिलं ईसीएमचं, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरचं. कार्बोरेटरवर चालणाऱ्या अशा इंजिनाला ईसीएम नसतोच. फ्लायव्हीलवर चुंबक असतं, त्याच्या शेजारी कॉइल असते, दोन्हींत साधारण 0.25 ते 0.35 मिलिमीटरची फट ठेवलेली असते, आणि चाक फिरलं की प्लगला ठिणगी मिळते. बॅटरी फक्त सेल्फला, दिव्यांना आणि कार्बोरेटरच्या बुडाशी असलेल्या पेट्रोल बंद करणाऱ्या सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेला लागते. इंजेक्शनवाली इंजिनं आता आली आहेत, त्यांना असतो कंट्रोलर. पण मशीनला कार्बोरेटर दिसत असेल आणि कुणी ईसीएमचे पैसे मागत असेल, तर त्याला तिथेच थांबवा. आमच्या मिस्त्रीने ईसीएम म्हणून जी पंख असलेली ॲल्युमिनियमची डबी काढून नेली, तो बॅटरी चार्ज करणारा रेग्युलेटर होता. परत आणली तेव्हा डबी काळ्या रंगात चकाकत होती आणि बिलावर 18,500 रुपये. संस्थेत डेड स्टॉक रजिस्टरसाठी प्रत्येक वस्तूचे फोटो मी काढून ठेवतो. जुन्या डबीच्या तिसऱ्या पंखाचा कोपरा तुटलेला होता. नव्या डबीच्या तिसऱ्या पंखाचाही तसाच तुटलेला निघाला. रंगाखाली जुना नंबर नखाने खरवडल्यावर स्पष्ट वाचता आला.

दुसरं ट्रान्समिशनचं. हे सांगताना मला आजही संताप येतो. हायड्रोस्टॅटिक मशीन इंजिन बंद असताना ढकलता यावं म्हणून मागच्या बाजूला एक सळई किंवा दांडी असते. ती ओढली की आतल्या तेलाला बगल मिळते आणि चाकं मोकळी फिरतात. ती पुन्हा आत ढकलली नाही, तर इंजिन कितीही जोरात चालवा, मशीन जागचं हलणार नाही. शेडमधून मशीन बाहेर काढताना त्यानेच ती सळई ओढली होती, आणि तशीच ठेवून आमच्यासमोर ट्रान्समिशन मेल्याचा देखावा केला. ते दुरुस्त करायचे म्हणून त्याने वेगळे 14,000 लावले. परत आणल्यावर मशीन चालू लागलं, यात नवल काय? त्या ट्रान्समिशनच्या बोल्टवर जुनी धूळ आणि तेलाचा थर जसाच्या तसा होता. पाना लागलेला बोल्ट लपत नाही. कुणी उघडलं म्हणत असेल, तर बोल्टची डोकी बघा.

तिसरी गोष्ट डेकची, आणि ती पैशांच्या पलीकडची आहे. या मशीनच्या पात्याच्या टोकाचा वेग सुरक्षेच्या अमेरिकी मानकाप्रमाणे मिनिटाला 19,000 फुटांच्या आत ठेवावा लागतो. हा ताशी जवळपास 350 किलोमीटर होतो. एवढ्या वेगाने फिरणारं जड पातं ज्या बेअरिंगवर टेकलेलं असतं, तिथे त्याने काय केलं पाहा. आमच्या स्पिंडलचा, म्हणजे पातं फिरवणाऱ्या भागाचा शाफ्ट 5/8 इंची, म्हणजे 15.875 मिलिमीटर. त्याला लागणारी बेअरिंग 6203 मापाचीच, पण आतलं भोक इंची. त्याने बाजारातली साधी 6203 आणली, तिचं भोक 17 मिलिमीटर. बाहेरचा व्यास दोन्हींचा 40 आणि जाडी 12, त्यामुळे घरात दोन्ही सारख्याच बसतात. आत उरलेली एक मिलिमीटरहून जास्तीची फट त्याने पत्र्याची पट्टी गुंडाळून भरली. पातं फिरताना ती पट्टी कधीतरी चावून बाहेर येणारच. आमच्या मैदानावर सकाळी सहावी-सातवीची मुलं धावतात. पातं सुटलं असतं किंवा त्याने दगड उडवला असता, तर? हा विचार मी अजून करू शकत नाही.

पट्ट्याने मात्र त्याचं बिंग लवकर फोडलं. पाती फिरवणारा, त्याने बसवलेला नवा पट्टा पहिल्याच कापणीत धुरावला, जळल्याचा वास पार कार्यालयापर्यंत आला. मी तो काढून धुळ्याला एका जुन्या लेथवाल्या नानांकडे नेला. त्यांनी पट्टा वाकवून, उलटा करून बघितला आणि सरळ म्हणाले, "भाऊ, हाऊ पट्टा चक्कीना शे." पिठाच्या चक्कीला लागणारा साधा ए सेक्शनचा पट्टा. त्यावरचा छाप ॲसिटोनने पुसून वर पार्ट नंबरचं स्टिकर चिकटवलेलं होतं. नानांनी कोपऱ्यात उरलेली ए-95 ही अक्षरं दाखवली.

इथे दोन गोष्टी एकात मिसळल्या होत्या. चक्कीचा पट्टा एकाच दिशेने वाकतो आणि कायम ताणात असतो, त्याच्या आत बहुधा पॉलिस्टरचा दोर असतो. मॉवरच्या डेकचा पट्टा आयडलर पुलीवर, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या पुलीवर पाठीच्या बाजूनेही वाकतो, आणि पाती बंद-चालू करताना सैल सोडून पुन्हा आवळला जातो. म्हणून त्यात ॲरॅमिडचा, म्हणजे केव्हलारच्या जातीचा दोर घालतात. दुसरी गोष्ट मापाची. आपल्याकडे ए-95 म्हणजे आतली लांबी 95 इंच. अमेरिकी मशीनच्या याद्यांमध्ये 4एल950 म्हणजे बाहेरची लांबी 95 इंच. तोच पट्टा आपल्या भाषेत ए-93 होतो. त्याने जुना पट्टा बाहेरून मोजून 95 म्हणून ए-95 आणला, म्हणजे दोन इंच सैल. तो पुलीवर घसरणार आणि जळणारच. जुना पट्टा त्याने "कंपनीला दाखवायला" म्हणून नेला होता. त्यामुळे ताडून बघायला आमच्याकडे काहीच उरलं नव्हतं, आणि त्याला हवं होतं तेच.

काढलेला पार्ट कुणालाही नेऊ देऊ नका, कितीही जळका, तुटका असो. त्या वस्तूवरचा नंबर, शाफ्टचा व्यास, पात्याच्या भोकाचा आकार, पाच टोकांचा तारा की सहा टोकांचा, हे सगळं तीच सांगते. पात्याची लांबी सारखी असली तरी तारा वेगळा असेल तर ते बसत नाही, आणि मग असे मिस्त्री ते ग्राइंडरने कोरून बसवतात.

पार्ट मागवायचा नंबर मशीनवरच असतो. सीटखाली किंवा फ्रेमवर मशीनची पाटी असते, तिच्यावरून डेक, पट्टा, पुली. इंजिनाचे पार्ट मात्र इंजिनाच्या नंबरावर, हे दोन वेगळे आहेत. ब्रिग्जच्या इंजिनावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन नंबर ठोकलेले असतात. मॉडेलचे सुरुवातीचे आकडे घनइंचातली क्षमता सांगतात. 31 ने सुरू होणारं इंजिन साधारण 500 सीसीचं. कोडचे पहिले दोन आकडे वर्ष, पुढचे दोन महिना, त्यापुढचे दोन दिवस. हे तीन नंबर न विचारता जो कार्बोरेटरचा भाव सांगतो, तो अंदाजाने सांगतोय. एक खुलासा करायला हवा, नाहीतर प्रामाणिक दुकानदारावर उगाच संशय जाईल. कंपन्या जुने नंबर बदलतात. हस्कवर्ना कंपनीच्या ताब्यात आलेल्या जुन्या अमेरिकी मशीनचे सहा आकडी नंबर पुढे 532 लागून नऊ आकडी झाले. तेव्हा नंबर वेगळा दिसला तर बदलीचा नंबर आहे का, हे आधी विचारा.

मशीनचं मूळ दुखणं काय होतं, तर कार्बोरेटरच्या वाटीत पाणी आणि चिकट साका. मागच्या हंगामातलं पेट्रोल टाकीत राहिलेलं. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि या छोट्या इंजिनांना बनवणारे बहुधा 10 टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आमच्याच गावातल्या एका स्कूटर मिस्त्रीने वाटी उघडली, जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक छिद्र फुंकलं, सोलेनॉइडची पिन पुसली, आणि मशीन एका सेल्फमध्ये सुरू झालं. त्याने घेतले 400 रुपये. स्पिंडलला नानांनी खरी इंची भोकाची बेअरिंग मागवून बसवली. पट्टा ॲरॅमिडचा आला, त्याला वेळ लागला, तेवढे दिवस मैदान बैलजोडीच्या पाळीने आणि विळ्याने सांभाळलं.

बिलाबद्दल सांगायला हवं. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र 27, गुजरात 24, दिल्ली 07. आमच्या बिलावर पत्ता दिल्लीचा आणि नंबर 27 ने सुरू होणारा. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नंबर टाकला तर तो अस्तित्वातच नव्हता. ही तपासणी फुकट आहे, लॉगिन लागत नाही. "ऑडिट चालू आहे, म्हणून घरच्यांच्या खात्यावर टाका" असं म्हणून त्याने जे पैसे क्यूआरवर मागितले, ते आमच्या खजिनदारांनी अडवले. त्यामुळे बिलाची शेवटची रक्कम तरी वाचली.

त्याचा फोन आता बंद आहे. ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी 1930 या हेल्पलाइनवर किंवा सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर जितक्या लवकर तक्रार कराल तितकी ती रक्कम गोठण्याची आशा असते. आम्ही पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद केली. जिल्हा ग्राहक आयोगात दाव्याची तयारी चालू आहे. तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि 2019 च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथेच दावा करता येतो, दिल्लीला जावं लागत नाही. दाव्यासोबत जोडलंय: रंगवलेली डबी, जळका पट्टा, पत्र्याची पट्टी, आणि रजिस्टरमधले तारखेचे फोटो.